चार लिटर बिअर, छोटं स्वयंपाकघर: आंबवण्याचं सामान कसं निवडायचं

ब्रिटनमधल्या होमब्रूच्या दुकानात शिरलं की बहुतेक सगळं सामान २३ लिटरच्या हिशोबाने मांडलेलं दिसतं. २३ लिटर म्हणजे ५ गॅलन, म्हणजे ४० पाइंट. किट, बादल्या, पाककृतींची मापं, सगळं त्याच बेताचं. भरलेली पंचवीस किलोची बादली भाड्याच्या दोन खोल्यांत ठेवायची कुठे, उचलायची कोणी आणि ४० पाइंट संपवायचे कोणी, हे तुमचं तुम्ही बघायचं. त्यापेक्षा एका गॅलनचा, म्हणजे चार-साडेचार लिटरचा घाणा काढा. अर्ध्या लिटरच्या सात-आठ बाटल्या होतात. जमली तर महिन्याभराने पुन्हा करा. बिघडली तर तेवढ्याच बाटल्या मोरीत जातील.

मात्र मोठ्या घाण्याचं सामान आकाराने लहान करून घेतलं की झालं, असं नाही. २३ लिटरमध्ये जे खपून जातं ते ४ लिटरमध्ये खपत नाही. मोजणीसाठी काढलेले १०० मिली, तळाच्या गाळाबरोबर गेलेला अर्धा लिटर, बाटल्या भरताना मिसळलेली हवा, खोलीत रात्रीतून उतरलेला पारा: हे सगळं लहान घाण्याला जास्त लागतं. सामान निवडायचं ते याच गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून.

## १. आधी कायदा

ब्रिटनमध्ये घरी बिअर बनवायला लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. तेव्हापासून स्वतःच्या घरासाठी बिअर किंवा वाइन बनवायला ना कर, ना प्रमाणाची मर्यादा. विकायची मात्र नाही. ओळखीतल्या समारंभात ‘बाटलीमागे दोन पौंड’ घेतले तरी ती विक्रीच. आणि घरी दारू गाळणं, म्हणजे भट्टी लावणं, हा परवान्याशिवाय गुन्हा आहे. इथे फक्त आंबवण्याबद्दल बोलतोय.

हे वाचून कुणी पुण्यात किंवा नाशकात बादली घ्यायला निघालं असेल तर थांबा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा ठरतो, मग ते चार लिटर असो नाहीतर घरच्यासाठी असो. सुट्टीला घरी जाताना हा छंद इकडेच ठेवून जा.

## २. भांड्याआधी जागा शोधा

नवीन माणूस सगळ्यात आधी भांडं विकत घेतो आणि मग ते कुठे ठेवायचं ते शोधत बसतो. उलट करा.

साध्या एलच्या (ब्रिटनमधली नेहमीची, कोमट जागी आंबणारी बिअर) यीस्टला १८ ते २० अंश सेल्सिअस लागतात. त्याहून जास्त झालं तर बिअरमध्ये नेलपॉलिशची किंवा उग्र दारूची झाक येते, कमी झालं तर यीस्ट झोपी जातं. २३ लिटरचा साठा आपली ऊब बराच वेळ धरून ठेवतो. ४ लिटर तसे धरत नाहीत, खोली थंड झाली की तेही थंड होतात. आणि इंग्लंडातल्या घरांत हीटिंग टायमरवर असतं. सकाळी सहा ते आठ चालू, संध्याकाळी पाच ते दहा चालू, मध्ये आणि रात्री बंद. जानेवारीत त्याच खोलीत संध्याकाळी २१ आणि पहाटे १४ अंश असू शकतात.

म्हणून दहा-पंधरा पौंडांच्या आतला, कमाल आणि किमान तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर आणा आणि चार दिवस तीन ठिकाणी ठेवून बघा: जिन्याखालचं कपाट, कपड्यांच्या कपाटाचा तळ, स्वयंपाकघराचा आतला कोपरा. सरासरी किती यापेक्षा चढउतार कुठे सगळ्यात कमी ते पाहा. गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, ज्यात इथले लोक टॉवेल वाळवतात, ते मोहात पाडतं. बिअरसाठी ते बहुतेक वेळा फार गरम असतं.

कुठेच जमत नसेल तर प्लास्टिकचा टब घ्या, त्यात दहा-पंधरा लिटर पाणी भरा आणि भांडं त्यात उभं करा. आता पारा ४ लिटरचा नाही, पंधरा-वीस लिटरचा हलवावा लागेल. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ बर्फ झालेली पाण्याची बाटली टबात टाकायची. हिवाळ्यात मत्स्यालयाचा छोटा हीटर टबाच्या पाण्यात लावायचा, बिअरमध्ये नव्हे. माझ्या मते या साऱ्या छंदातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू हा टब आहे. शिवाय फेस उतू गेला तर तो घरमालकाच्या कार्पेटवर न जाता टबात पडतो.

जागेनुसार यीस्टही बदलता येतं. घर थंडच असेल तर नॉटिंगहॅम नावाचं कोरडं यीस्ट १५ अंशांतही नेटाने काम करतं. जुलैच्या उकाड्यात व्हॉस क्वाइक घ्या, त्याला ३५ अंशांच्या पुढेच खरा जोर येतो.

## ३. भांडं किती लिटरचं?

बिअर जितकी करायची त्यापेक्षा भांडं निदान पाव ते एक तृतीयांश मोठं हवं. आंबताना वर जाड फेस चढतो आणि त्याला जागा लागते. ‘एक गॅलनची बॅच’ आणि ‘एक गॅलनचं भांडं’ असं जोडून विकतात, पण काठोकाठ भरलेल्या गॅलनच्या भांड्यात दुसऱ्या दिवशी फेस थेट एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी, पाणी भरलेली छोटी नळी) बाहेर येतो.

आतल्या वायूचा अंदाज घ्या. मध्यम ताकदीच्या चार लिटर बिअरमधून ऐंशीएक लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) चोथ्याने अरुंद तोंड चोंदलं तर तो वायू बूच उडवतो आणि छतावर नक्षी काढतो. काचेचं भांडं असेल तर याहून वाईट होऊ शकतं. आंबणं संपेपर्यंत भांडं कधीही घट्ट बंद करू नका.

उलट बाजूने, फार मोठं भांडंही बरं नाही. ४ लिटर बिअर २५ लिटरच्या बादलीत ठेवली तर वरची पोकळी प्रचंड राहते. जोरात आंबत असताना वायू हवेला बाहेर ढकलतो तोवर ठीक, पण नंतर झाकण उघडलं की हवा आत, आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव. ४ लिटरसाठी ५ ते १० लिटरच्या मधलं भांडं घ्या.

## ४. कोणतं भांडं?

काचेचा डेमीजॉन. साडेचार लिटरचा, मानेला दोन छोटे कान असलेला. चॅरिटीच्या दुकानांत, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये फुकटसुद्धा मिळतो, कारण मागच्या पिढीने यात घरगुती वाइन केलेली असते. दिसतो सुंदर, वास धरत नाही, ओरखडे पडत नाहीत, आत काय चाललंय ते दिसतं. वाइनला आणि मीडला (मधाच्या दारूला) उत्तम. बिअरसाठी नवख्याला मी सुचवणार नाही. मान अरुंद, त्यामुळे वर चिकटलेला फेसाचा वाळका पट्टा काढायला वाकडा ब्रश लागतो. भरायचे साडेतीन-पावणेचारच लिटर. आणि ओल्या हाताने कानाला धरून उचलला की निसटतो. भरलेला डेमीजॉन तळाखाली हात घालूनच उचला. काचेत गरम वर्ट (माल्टचं गोड पाणी, जे आंबून बिअर होते) कधी ओतू नका, काच तडकते.

पाण्याची ५ लिटरची बाटली. सुपरमार्केटमध्ये मिळणारी साधी पिण्याच्या पाण्याची. इथल्या होमब्रूवाल्यांचा हा जुना जुगाड आहे आणि पहिल्या घाण्यासाठी याहून स्वस्त काही नाही: पाणी बिअरला वापरायचं, बाटलीत बिअर आंबवायची. लंडनसारख्या जड, म्हणजे जास्त क्षारांच्या पाण्याच्या गावात तर दुहेरी फायदा. झाकणाला भोक पाडून रबरी ग्रोमेट (भोकात घट्ट बसणारी कडी) बसवा, त्यात एअरलॉक. मर्यादा ओळखून वापरा. प्लास्टिक पातळ असल्याने उचलताना बाटली दबते, आणि सोडली की एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं. वर्ट पूर्ण थंड झाल्यावरच ओतायचं, नाहीतर बाटली आकसते. एक-दोन घाणे झाले की रीसायकलिंगमध्ये. आणि ही बाटली दाब सहन करायला बनवलेली नाही, हे विसरू नका.

१० लिटरची झाकणवाली बादली. अन्नासाठी चालणाऱ्या प्लास्टिकची, झाकणाला एअरलॉकचं भोक असलेली. मला विचाराल तर सुरुवात इथून करा. तोंड रुंद, हात आत जातो, स्पंज फिरतो, काम संपलं. फेसाला हवी तेवढी जागा. चार लिटरला थोडी मोठी आहे खरी, पण मध्ये उघडली नाही आणि दोन-तीन आठवड्यांत बाटल्या भरल्या तर काही बिघडत नाही. उद्या आठ लिटर करावेसे वाटले तरी हीच चालेल. तळाशी तोटी असलेली मिळाली तर बाटल्या भरणं फार सोपं होतं, फक्त ती तोटी दर वेळी पूर्ण सुटी करून धुवायला हवी. आत साचलेला चिकटा बाहेरून दिसत नाही आणि पुढचे घाणे आंबट होत जातात.

रुंद तोंडाचं पेटचं (पीईटी या पारदर्शक प्लास्टिकचं) भांडं. बादलीची सोय आणि काचेचा पारदर्शकपणा एकत्र. महाग थोडं. उकळतं पाणी ओतलं की वाकडं होतं, म्हणून निर्जंतुक करायचं ते रसायनानेच. उजेडात ठेवलं तर हॉप्समुळे बिअरला स्कंकचा घाण वास येतो, त्यामुळे वर जुना टी-शर्ट घाला. डेमीजॉनलाही हेच लागू.

स्टीलचा फर्मेंटर. आयुष्यभर टिकतो. छंद टिकतोय का ते आधी बघा.

आणि घरातलं सामान? हा प्रश्न आपल्या लोकांकडून हमखास येतो. स्टीलचं आठ-दहा लिटरचं पातेलं वर्ट उकळायला पहिल्या प्रतीचं आहे, वेगळा ‘ब्रू पॉट’ घेऊच नका. धान्य गाळायला मलमल किंवा नवा धुतलेला पंचा चालतो. पण पातेल्याचं झाकण हवाबंद नाही, तेव्हा आंबवायला ते नको. तांब्या-पितळेची भांडी मुळीच नकोत: बिअर आम्लधर्मी असते, पीएच ४ ते ४.५, आणि त्यात तांबं उतरतं. चिनी मातीच्या जुन्या बरणीच्या ग्लेजमध्ये काय आहे ते सांगता येत नाही. आणि ज्या प्लास्टिकच्या डब्यात कधीकाळी लोणचं होतं तो डबा कितीही धुवा, पेल एलमध्ये मोहरी आणि हिंग येणारच. शेजारी इडलीचं पीठ आंबत ठेवलं तर चालेल का, असंही विचारतात. दोन्ही झाकलेली असतील तर खुशाल ठेवा. पण एकच डाव दोन्हींत घालू नका.

## ५. बूच आणि एअरलॉक

एअरलॉक दोन तऱ्हेचे: एस आकाराच्या नळीचा आणि तीन भागांचा. तीन भागांचा घ्या. सुटा होतो, धुता येतो, आणि वरचे भाग काढून दांड्यावर सिलिकॉनची नळी बसवली की तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडता येतं. पहिले दोन-तीन दिवस फेस जोरात असताना अशी नळी लावायची, मग एअरलॉक परत.

एअरलॉकमध्ये नळाचं पाणी भरू नका, सॅनिटायझरचं द्रावण किंवा थोडी व्होडका भरा. थंडीने आतला वायू आकसला की ते आत ओढलं जातं, तेव्हा आत काय जाणार ते आपल्या हातात असलेलं बरं.

बुडबुडे येत नाहीत म्हणून घाबरू नका. बादलीचं झाकण कडेने थोडं झिरपतं आणि वायू तिथून निघून जातो. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं, असंही नाही. ते ठरवायला पुढची पायरी आहे.

## ६. मोजण्याची साधनं

वजनकाटा. ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा. लहान घाण्यात याच्यावाचून अडतं. कोरड्या यीस्टचं पाकीट ११.५ ग्रॅमचं असतं, आणि ४ लिटरला साधारण २ ते ३ ग्रॅम पुरतात. उरलेलं घडी घालून, चिकटपट्टी लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत वापरा. हॉप्सही ४ ग्रॅम, ७ ग्रॅम अशा मापात पडतात. किचनच्या साध्या काट्यावर ४ आणि ६ यांत फरक कळत नाही, आणि बिअरच्या कडवटपणात तो लगेच कळतो.

हायड्रोमीटर की रिफ्रॅक्टोमीटर? दोन्ही साखर किती आहे ते मोजतात, आणि ती घटायची थांबली की आंबणं संपलं. हायड्रोमीटर स्वस्त आणि भरवशाचा, पण दर वेळी जवळपास १०० मिली घेतो. तीनदा मोजलं की अर्ध्याहून जास्त बाटली गेली. काढलेला नमुना परत ओतायचा नसतो, चाखून टाकायचा. रिफ्रॅक्टोमीटरला दोन थेंब पुरतात. आंबल्यावर अल्कोहोलमुळे त्याचा आकडा खरा राहत नाही, गणित करून दुरुस्त करावा लागतो. पण एक गोष्ट तो न दुरुस्त करताही सांगतो: तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे सारखे आले तर आंबणं थांबलंय. लहान घाण्यासाठी मी रिफ्रॅक्टोमीटरच्या बाजूने आहे. आधीच हायड्रोमीटर घेतला असेल तर त्याच्यासोबत येणाऱ्या रुंद नळकांड्याऐवजी अरुंद घ्या, नमुना कमी लागतो.

## ७. धुणं वेगळं, निर्जंतुक करणं वेगळं

या दोन पायऱ्या आहेत आणि पहिली गाळली तर दुसरी वाया जाते. धुवायला सुगंध नसलेली ऑक्सिजनची पावडर (ऑक्सिजन ब्लीच) आणि कोमट पाणी. प्लास्टिकला तारेची किंवा खरखरीत घासणी लावू नका, ओरखड्यांत जंतू घर करतात. भिजत ठेवा, मऊ स्पंज फिरवा.

मग फॉस्फरिक आम्लाचं, न विसळता चालणारं सॅनिटायझर: स्टार सॅन किंवा केमसॅन. एक लिटर पाण्याला दीड मिली, औषधाच्या सिरिंजने मोजून. फवाऱ्याच्या बाटलीत भरून ठेवा, ४ लिटरच्या कामाला बादलीभर द्रावण करायची गरज नाही. जड पाण्यात ते गढूळ होऊन लवकर बाद होतं, तेव्हा द्रावणापुरतं बाटलीचं पाणी वापरा. फेस राहिला तरी विसळू नका, तो बिअरचं काही बिघडवत नाही.

## ८. बाटल्या भरण्याचं सामान

इथे सगळ्यात जास्त पैसे वाचतात. मोठ्या घाण्यात साखर घालायला दुसरी बादली लागते. चार लिटरसाठी ती नको, उलट तिच्यात बिअर ओतताना हवाच मिसळते.

त्याऐवजी असं करा. आठ बाटल्यांसाठी २४ ग्रॅम साधी साखर थोड्या पाण्यात उकळा आणि पाणी घालून एकूण ८० मिली करा. गार झाल्यावर निर्जंतुक केलेल्या सिरिंजने प्रत्येक अर्ध्या लिटरच्या बाटलीत १० मिली घाला. प्रत्येक बाटलीत बरोबर ३ ग्रॅम साखर गेली, आणि एल बिअरला हवा तेवढा फसफसाट तेवढ्यात येतो. बाटल्या सातच भरल्या तर उरलेले १० मिली फेकून द्या, वाटून टाकू नका.

बिअर काढायला छोटा ऑटो-सायफन (एकदा ओढला की बिअर नळीतून आपोआप वाहवणारा पंप) घ्या. नेहमीच्या मापाचा डेमीजॉनच्या मानेतून जातो न जातो, आणि गेला तरी गाळ ढवळतो. नळीच्या टोकाला स्प्रिंगची बॉटलिंग कांडी लावा. ती बाटलीच्या तळाशी टेकली की बिअर सुरू, उचलली की बंद.

बाटल्या विकत घेऊ नका. सुपरमार्केटमधल्या एलच्या तपकिरी ५०० मिलीच्या बाटल्या प्या, धुवा, ठेवा. टोप्या २६ मिलिमीटरच्या, आणि दोन दांड्यांचा हाताने दाबायचा कॅपर. कॅपर नको असेल तर कोला किंवा टॉनिक वॉटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या चालतात. त्या दाबासाठीच बनवलेल्या असतात आणि बोटाने दाबून वायू किती झाला ते कळतं. वाइनच्या, सरबताच्या, साध्या पाण्याच्या बाटल्यांत फसफसणारी बिअर भरायची नाही. बाटली फुटली की काचेचे तुकडे चौफेर उडतात.

## ९. पहिल्या खरेदीची यादी

- झाकण आणि एअरलॉकच्या भोकाची १० लिटरची बादली, जमल्यास तोटीसह
- तीन भागांचा एअरलॉक, ग्रोमेट आणि मीटरभर सिलिकॉन नळी
- पाण्याचा टब आणि कमाल-किमान थर्मामीटर
- ०.१ ग्रॅमचा काटा
- रिफ्रॅक्टोमीटर किंवा हायड्रोमीटर
- ऑक्सिजनची पावडर, सॅनिटायझर, फवारा, १० मिलीच्या दोन सिरिंज
- छोटा ऑटो-सायफन (बादलीला तोटी असेल तर नको), बॉटलिंग कांडी
- कॅपर आणि टोप्या

घरात असलेलं: पातेलं, नरसाळं, बारीक गाळणं, पंचा, रिकाम्या बाटल्या.

दुकानदार आणखी तीन गोष्टी हातात देईल. तांब्याच्या नळीचा चिलर: चार लिटर वर्ट सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात पातेल्यासकट ठेवलं की अर्ध्या तासात गार होतं. ‘सेकंडरी’ म्हणून दुसरं भांडं: साध्या बिअरला लागत नाही, आणि लहान घाण्यात ते बदलताना हवाच जास्त मिसळते. आणि २३ लिटरचं किट, ‘निम्मंच वापरा की’ असं म्हणून: किटमधला माल्टचा डबा एकदा उघडला की फार दिवस टिकत नाही. त्याऐवजी माल्ट एक्स्ट्रॅक्टची कोरडी पावडर मागा. चार लिटरला ४५० ते ५०० ग्रॅम लागते, आणि उरलेली पिशवी तोंड घट्ट बांधून कोरड्या डब्यात ठेवली की पुढच्या घाण्याला उपयोगी येते. ओल लागली तर तिचा दगड होतो.